चिमणी कोणी मारली? – ‘२.०’ या विज्ञानपटाचे गुणदोष

‘सर, टावर काढून टाकला तर चिमण्या वापस येतेत का?’

सास्तूरच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला हा प्रश्न विचारला. त्याने आदल्या रात्री दूरचित्रवाणीवर ‘२.०’ हा चित्रपट पाहिला होता. चौकशी केली तेव्हा निम्म्या वर्गाने तो कधी ना कधी पाहिलेला निघाला. मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या मेल्या, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की त्या परत येतील की नाही.

जे काम पाठ्यपुस्तकातील पर्यावरणाच्या धड्याने सहसा होत नाही, ते एका करमणुकीच्या चित्रपटाने केले होते. मुले चिमण्यांविषयी विचार करू लागली होती. पण त्याच चित्रपटाने त्यांना उत्तरही देऊन टाकले होते, आणि तेही न तपासता. म्हणून या चित्रपटाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे, त्याच्या जमेच्या आणि खर्चाच्या बाजू मांडाव्यात, असे आम्हांला वाटले.

दोन भागांची कथा

दिग्दर्शक शंकर यांचा ‘एंधिरन’ हा तमिळ चित्रपट २०१० साली आला. आपल्याकडे तो ‘रोबोट’ या नावाने हिंदीत पाहिला गेला. त्याचा पुढचा भाग म्हणजे २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला ‘२.०’. दोन्ही भागांत शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने बनवलेला यंत्रमानव चिट्टी या दोन्ही भूमिका रजनीकांत यांनी केल्या आहेत. रजनीकांत म्हणजे बंगळुरूच्या मराठी कुटुंबातील शिवाजीराव गायकवाड, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच.

दुसऱ्या भागात चेन्नईतील लोकांच्या हातांतले मोबाइल एकाएकी उडून जातात. ते एकत्र येऊन एका अजस्र पक्ष्याचे रूप घेतात आणि माणसे मारू लागतात. यामागे आहे पक्षिराजन हा वृद्ध पक्षिशास्त्रज्ञ. ही भूमिका अक्षय कुमार यांची आहे. टॉवरच्या लहरींमुळे पक्षी मरत आहेत, हे तो कंपन्यांना, सरकारला, न्यायालयाला सांगून थकतो. कोणी ऐकत नाही. शेवटी तो एका टॉवरवरच जीव देतो आणि त्याची व मेलेल्या पक्ष्यांची ‘ऊर्जा’ सूड घेऊ लागते. तिला रोखण्यासाठी मोडीत काढलेल्या चिट्टीला पुन्हा जोडावे लागते.

पहिल्या भागाने विचारलेला प्रश्न

पुढचा भाग चांगला की वाईट, हे ठरवताना एक गोष्ट पाहावी लागते. पहिल्या भागाने विचारलेला प्रश्न त्याने पुढे नेला का?

‘रोबोट’मध्ये भडकपणा पुष्कळ होता, पण त्यात एक खरा वैज्ञानिक प्रश्न होता. आगीत सापडलेल्या मुलीला चिट्टी वाचवतो, पण ती न्हाणीघरातून विवस्त्र बाहेर आणली जाते आहे, याचे भान त्याला नसते. जीव वाचला, आज्ञा पाळली गेली, तरी काहीतरी भयंकर चुकले. आज्ञा अक्षरशः पाळणाऱ्या यंत्राला माणसाच्या भावना कशा कळाव्यात? आणि कळल्या तर ते यंत्र आपल्या ताब्यात राहील का? शेवटी संग्रहालयात ठेवलेला, सुटे भाग झालेला चिट्टी शाळकरी मुलांना सांगतो, की आपण विचार करू लागलो म्हणून आपल्याला मोडले. ते दृश्य मनात राहते.

‘२.०’मध्ये हा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला आहे. ज्या यंत्राला धोकादायक म्हणून मोडले, त्याला संकटकाळी पुन्हा जोडायचे का, ही केवढी तरी मोठी पेचाची गोष्ट आहे. पण चित्रपट ती दोन-चार संवादांत उरकतो. चिट्टी आता विचार करणारे यंत्र राहत नाही, एक अधिक ताकदीचे शस्त्र होतो. यंत्रे लिहू-बोलू लागली आहेत अशा आजच्या दिवसांत तर ही उणीव अधिकच जाणवते.

जमेची बाजू

असे असले तरी चित्रपटाच्या जमेला तीन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे पक्षिराजनच्या पूर्वायुष्याचा भाग. घराभोवती पक्ष्यांना जागा देणारा, त्यांना दाणापाणी घालणारा, तळमळीने भाषणे करणारा हा म्हातारा पाहून डॉ. सालिम अली यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपल्या व्यावसायिक चित्रपटांत शास्त्रज्ञ असतो तो प्रयोगशाळेत, रंगीत द्रवांनी भरलेल्या नळ्यांमागे. दुर्बीण गळ्यात घालून रानोमाळ हिंडणाराही शास्त्रज्ञच असतो, हे इथे मुलांना दिसते.

दुसरी गोष्ट विषयाची निवड. परग्रहावरून येणारा शत्रू न घेता आपल्या खिशातली वस्तू आणि आपल्या वळचणीचा पक्षी यांना समोरासमोर उभे करणे, ही कल्पना खरोखर चांगली आहे. खलनायकाचे दुःख खरे आहे, असे वाटायला लावणे तर त्याहून अवघड. ते इथे साधले आहे.

तिसरी गोष्ट तंत्राची. चित्रपट त्रिमिती पद्धतीने चित्रित केलेला आहे. रस्त्यावर नदीसारखे वाहत येणारे हजारो उजळलेले मोबाइल हे दृश्य कल्पकतेत कोठल्याही परदेशी चित्रपटाच्या तोडीचे आहे.

विज्ञानाच्या नावाखाली

खर्चाची बाजू मात्र मोठी आहे.

विज्ञानकथेने कल्पनेची उडी घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. मराठीत मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेने आणि त्यात १९७४ साली टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणाऱ्या डॉ. जयंत नारळीकरांसारख्या लेखकांनी आपल्याला एक साधी कसोटी दिली आहे. एखादी गोष्ट कल्पनेतली मानावी, पण पुढचे सारे तर्काला धरून चालावे. ‘विचार करणारा यंत्रमानव’ ही अशी एक मानलेली गोष्ट झाली. मोबाइल उडतात, ही दुसरी मानू. पण चित्रपट तेथे थांबत नाही. तो माणसाभोवतीचे तेजोवलय म्हणजे ‘ऑरा’, त्यातील धन आणि ऋण ऊर्जा, ती निष्प्रभ करणारे फोटॉनचे यंत्र असे बरेच काही आणतो आणि ते शास्त्रज्ञाच्या तोंडून सिद्ध झालेल्या विज्ञानासारखे सांगतो.

येथे शिक्षकाने थांबून सांगायला हवे. फोटॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे धन फोटॉन आणि ऋण फोटॉन असे काही नसते. वलयाची म्हणून जी छायाचित्रे दाखवली जातात, ती उच्च विद्युतदाबाखाली वस्तूच्या कडेने होणाऱ्या विद्युत विसर्जनाची असतात. बोट ओले की कोरडे, यावर ते चित्र बदलते. आत्म्याशी त्याचा संबंध नाही.

त्या अजस्र पक्ष्याचा हिशेब तर दहावीच्या मुलांनाही करता येईल. चिमणीचे वजन २५ ते ३० ग्रॅम. एका मोबाइलचे वजन सहा-सात चिमण्यांएवढे. चिमणीची लांबी, रुंदी, उंची सारी दहापट केली, तर वजन १० × १० × १० म्हणजे हजारपट होते, पंखांचे क्षेत्रफळ मात्र १० × १० म्हणजे शंभरपटच वाढते. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दसपट भार येतो. म्हणूनच उडणाऱ्या पक्ष्यांच्या आकाराला मर्यादा असते. माळढोकाचा नर साधारण १५ किलोचा, आणि तो उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक आहे. चित्रपटातील चूक येथे वाया जात नाही, ती भूमितीचे चांगले उदाहरण होते.

अशा चुका निरुपद्रवी असतात. मोबाइलचा पक्षी होत नाही, हे मुलांना ठाऊक असते. ज्या गोष्टीवर मुलांचा विश्वास बसला, ती मात्र वेगळी आहे.

टॉवर आणि चिमणी

टॉवरमुळे चिमण्या मरतात का? याविषयी आज काय माहीत आहे, ते दोन्ही बाजूंनी पाहू.

संशय अगदीच निराधार नाही. बेल्जियममध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीडशे ठिकाणी मोजणी केली, तेव्हा मोबाइलच्या लहरी जिथे अधिक तीव्र तिथे चिमण्यांचे नर कमी दिसले. जर्मनीतील ओल्डनबर्ग येथील संशोधकांनी २०१४ साली दाखवले, की शहरातील विद्युतचुंबकीय गोंगाटात युरोपियन रॉबिन या स्थलांतरी पक्ष्याला चुंबकीय दिशा सापडत नाही. पक्षी ठेवलेल्या लाकडी खोपटांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, की दिशा पुन्हा सापडते. हा प्रयोग फार सुंदर आहे. पण त्यातील त्रासदायक लहरी ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या टप्प्यातल्या होत्या. मोबाइलच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्झच्या पुढे असतात. शिवाय चिमणी स्थलांतर करीत नाही.

आता दुसरी बाजू. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीतील एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.०००००३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची सुमारे २, म्हणजे पाच लाख पटींहून अधिक. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० लागतात. म्हणून या लहरी क्ष-किरणांसारखे नुकसान करीत नाहीत. त्यांचा ठाऊक असलेला मुख्य परिणाम म्हणजे ऊब. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा ठरवली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट आहे. दुपारच्या उन्हात हाच आकडा सुमारे १००० असतो. अर्थात ही मर्यादा माणसासाठी आहे, आणि ॲन्टेनाच्या अगदी तोंडाशी बसलेल्या पक्ष्याला याहून बरेच अधिक सोसावे लागेल, हेही मान्य करायला हवे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली या प्रश्नावर समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक डॉ. असद रहमानी होते. समितीने नऊशेहून अधिक शोधनिबंध तपासले. त्यांतील बहुतेक माणसाविषयीचे, पक्ष्यांविषयीचे अगदी थोडे. तेव्हा खबरदारी घ्यावी आणि अधिक संशोधन करावे, असा तिचा सल्ला होता.

त्यानंतर २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. सुमारे १५,५०० पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. त्यात असे दिसले, की देशभराचा विचार केला तर गेल्या पंचवीस वर्षांत चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. मोठ्या शहरांत मात्र ती घटत आली आहे. टॉवरच्या लहरींमुळे ही घट झाली, या समजाला उपलब्ध पुरावा आधार देत नाही, असेही त्या अहवालात म्हटले आहे. पिलांसाठी लागणारे किडे आणि घरट्यांसाठी लागणाऱ्या जागा कमी होणे, ही कारणे अधिक संभवनीय मानली जातात. इंग्लंडमध्ये तर चिमण्यांची घट १९७०च्या दशकातच सुरू झाली होती, आणि तेथे मोबाइल सेवा आली १९८५ साली.

चित्रपट २०१८चा आणि हा अहवाल २०२०चा, त्यामुळे अहवाल पाहिला नाही म्हणून दिग्दर्शकाला दोष देता येणार नाही. दोष आहे तो वेगळा. तेव्हाही जो प्रश्न होता, त्याचा चित्रपटाने निकाल करून टाकला. पक्षिराजनची पद्धत चुकीची, पण म्हणणे खरेच, असे तो शेवटी सुचवतो. ‘कदाचित’ हा शब्द त्यात कोठेच येत नाही. प्रदर्शनापूर्वी मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने चित्रपट विज्ञानविरोधी असल्याची तक्रार केली होती. पण ज्यांचा धंदा त्यात गुंतलेला आहे, त्यांचे म्हणणेही पुरावा म्हणून धरता येत नाही. चित्रपटाचे नाही, कंपन्यांचेही नाही, मोजणीचे ऐकायचे.

टॉवर आणि तारा यांमुळे पक्षी मरतच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिका व कॅनडा येथे दरवर्षी सुमारे ६८ लाख पक्षी दळणवळणाच्या उंच मनोऱ्यांवर व त्यांच्या ताणतारांवर आदळून मरतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर ज्याच्यासाठी अभयारण्य राखले, तो माळढोक आता देशात दीडशेहूनही कमी उरला आहे, आणि त्याच्या मरणाच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे विजेच्या तारांवर आदळणे. टॉवर खरोखर पक्षी मारतात ते असे, न दिसणाऱ्या लहरींनी नव्हे तर उघड दिसणाऱ्या लोखंडाने. चित्रपटाला ही साधी गोष्ट घेता आली असती.

सास्तूरला हे का कळावे

कारण चुकले तर काय होते, हे सास्तूरइतके दुसऱ्या कोणत्या गावाला कळणार? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. याहून मोठे भूकंप इतरत्र होतात आणि तेथे इतकी माणसे मरत नाहीत. येथे मारले ते घरांनी. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर लाकडी खणांवर घातलेला मातीचा जड माळवद. हे कारण नीट ओळखले, म्हणून पुढची घरे वेगळी बांधता आली. नुसते ‘भूकंपाने मारले’ म्हणून गप्प बसलो असतो, तर तीच घरे पुन्हा उभी राहिली असती.

आणि हीच घरे चिमणीच्या गोष्टीतही येतात. दगडी भिंतीच्या फटी, तुळयांच्या सांदी, माळवदाखालची भोके ही चिमणीची हक्काची जागा. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसली. घरे सिमेंटची, भिंती सपाट झाल्या. भारतात मोबाइलवरचा पहिला संवाद झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी, म्हणजे भूकंपानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. खेड्यापाड्यांत टॉवर उभे राहिले ते आणखी पुढे. आपल्या भागात घरे आधी बदलली, टॉवर नंतर आले. चिमण्या कमी झाल्या असतील, तर त्या केव्हापासून?

याचे उत्तर आम्ही येथे देणार नाही. ते मुलांनी शोधायचे आहे.

वर्गात काय करता येईल

गावात व आसपास चार प्रकारच्या जागा निवडाव्यात. जुनी दगडी घरे आणि जवळ टॉवर, जुनी घरे आणि टॉवर लांब, नवी घरे आणि जवळ टॉवर, नवी घरे आणि टॉवर लांब. प्रत्येक प्रकारच्या निदान पाच-सहा जागा घ्याव्यात. सकाळी ठरावीक वेळी, ठरावीक पंधरा मिनिटे, दिसलेल्या चिमण्या मोजाव्यात. आठवड्यातून एकदा, वर्षभर. पाऊस, ढग, जवळ धान्याचे खळे किंवा किराणा दुकान, मांजर असल्या गोष्टींचीही नोंद ठेवावी. शेवटी चार प्रकारांची सरासरी शेजारी शेजारी लिहावी. टॉवर दोषी असेल तर घर कोणतेही असो, टॉवरजवळ चिमण्या कमी दिसतील. घर कारणीभूत असेल तर टॉवर कोठेही असो, सपाट भिंतींपाशी त्या कमी दिसतील.

ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, फवारणी वाढली, यांचा काही वाटा आहे का, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारावे. मात्र आठवणीतली चिमणी नेहमी जास्त असते, हेही मुलांना सांगावे. नव्या घरांना लाकडी किंवा पुठ्ठ्याची घरटी टांगून पाहावीत. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. मोजणीची सुरुवात करायला तो दिवस चांगला.

चित्रपट दाखवू नये, असे आम्ही म्हणणार नाही. जरूर दाखवावा. पक्षिराजनच्या मरणाचा प्रसंग लहान मुलांना टाळावा, आणि मोठ्यांशी त्यावर बोलावे. न्याय न मिळालेल्या शास्त्रज्ञाला दुसरा मार्ग होता, तो म्हणजे मोजत राहण्याचा आणि सोबतीला माणसे जमवण्याचा.

त्या विद्यार्थ्याला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. ‘तुझ्या घराच्या भिंतीला चिमणीला बसायला एक तरी भोक आहे का?’ असे उलट विचारले. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, ‘आमच्या घराला न्हाई सर, पण पलीकडच्या जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीत चार घरटी हायेत.’ टॉवर त्या भिंतीपासून किती पावलांवर आहे, हे मोजायला तो आमच्या आधीच निघाला होता.